अण्णांचा मुका पिच्चर

शिरगावात आमच्या शेजारी राहणारे अण्णा लोकांना घरी बोलावून विनोदी पिच्चर दाखवतात आणि हसू देत नाहीत. म्हणजे हसायचं, पण आवाज न करता. "पिच्चर मुका आहे ना? मग तुम्हीपण मुके बसा," म्हणतात. एकदा मी तोंडाला पदर लावून बसले होते, तेवढ्यात माझ्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. पिच्चर थांबवून म्हणाले, "वहिनी, आधी तो गॅस बंद करून या." माझा भात कच्चा राहिला. राग येणार नाही का?

पिच्चर त्यांच्या आजोबांनी काढलेला, बोलपट यायच्या आधीचा. जेमतेम अकरा मिनिटांचा. बोकड नवरदेवाच्या मुंडावळ्या खातो आणि अख्खं वऱ्हाड त्याच्यामागे धावतं. कॅमेरा मात्र मांडवातच राहतो. तिथं नवरी एकटी उरलेली. ती इकडेतिकडे बघते, हळूच ताटातला लाडू उचलते आणि सावकाश खाते.

"दुसरा असता तर बोकडामागे पळाला असता," अण्णा दरवेळी सांगतात. "आजोबा थांबले. ह्याला म्हणतात डायरेक्टर." अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीभर त्यांनी हेच ऐकवलं म्हणे.

यंदा सोसायटीच्या पूजेला सेक्रेटरींनी तो पिच्चर मागून घेतला, मोठ्या पडद्यावर लावतो म्हणाले. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. बघते तर उल्हासनगरच्या कुठल्या दुकानातून त्यावर डीजेचं गाणं चढवून आणलेलं. बोकड धावला, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि पिच्चर संपला. अण्णा उठून उभे राहिले.

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नवरी कुठे गेली?"

"ते कापलं, काकी," सेक्रेटरी म्हणाले. "त्यात काही होतच नव्हतं."

"ती लाडू खाते."

"भूक लागली काय, काकी? प्रसाद आहे तिकडे."

सगळे हसले. हसू देत. दुसऱ्याची जपलेली वस्तू मागून न्यायची आणि न विचारता तिला कात्री लावायची, ह्यांना लाज कशी वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात आले. आत या म्हटलं तर येईनात.

"लोक बोकडाचंच विचारतात, वहिनी. तिचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती माझी आजी. तेव्हा पिच्चरात काम करायला बाई मिळेना, म्हणून आजोबांनी तिलाच बसवलं."

मीच उंबऱ्याबाहेर आले.

"मला तिनंच वाढवलं," ते म्हणाले. "पण घरातल्या सगळ्यांचं उरकल्याशिवाय ती जेवायला बसायची नाही, आणि तोवर मी झोपलेला असायचो. तिला खाताना मी फक्त तिथंच बघितलंय."