क्लच दाबल्यानंतरचे सव्वादोन मीटर

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या आत्याचा ट्रॅक्टर क्लच दाबूनही सव्वादोन मीटर पुढे गेला आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाचा एक खांब तिरका करून थांबला. जीवितहानी नाही. खांबाला किरकोळ दुखापत. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण शेजारी पडले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आधी तक्रार लिहिली आणि मग खांब बघायला गेले. तक्रार यंत्र सुरक्षा कक्षाकडे आली. त्या कक्षाचा सचिव मी. नात्याचा आणि कामाचा घोळ मी कधीही होऊ देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आत्याचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. तिच्या सासऱ्यांनी घेतला, आतोबांनी चालवला, आतोबा गेल्यावर आत्या चालवते, आणि तिघांत तीच बरी चालवते. यंदा तिने पहिल्यांदाच त्याच्यामागे रोटाव्हेटर जोडला. रोटाव्हेटर म्हणजे पात्यांचा एक जाडजूड रूळ. इंजिनाच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि माती भुसभुशीत करून टाकतो. पण जुन्या ट्रॅक्टरला क्लच एकच. तो दाबला की इंजिन सुटतं, रूळ मात्र आपल्या तंद्रीत फिरत राहतो आणि उलट ट्रॅक्टरच्या चाकांनाच पुढे ढकलतो.

"सायकलचं पायडल थांबवलं तरी मागचं चाक फिरतं ना?" मेकॅनिकने आत्याला सांगितलं. "तसंच एक कपलिंग मिळतं. मध्ये बसवून टाका. मग रूळ फिरेना का, ट्रॅक्टरला काय त्याचं?"

कपलिंग मुठीपेक्षा थोडं मोठं. आत्याने ते त्याच दुपारी आणलं. बसवायला वीस मिनिटं लागतात. ते पिशवीत घालून ती माझ्या कार्यालयात आली, कारण मी तिला फोनवर बजावलं होतं की हात लावू नकोस.

"अर्जदार, आपण बसा," मी म्हणालो.

"आपण? आपण कोण रे?" आत्या खुर्चीत बसत म्हणाली. "तुझं शेंबडं नाक पुसलंय मी या पदराने. हे बसवून टाकू का, तेवढं सांग."

मी तिला शांतपणे समजावलं. तक्रार नोंदवली गेली आहे, त्यामुळे यंत्र जैसे थे स्थितीत ठेवणं बंधनकारक आहे. दोष दूर केला तर चौकशी कशाची करायची?

"शुक्रवारपर्यंत उरकेल तुमची चौकशी?"

"शुक्रवारचं काय आहे?"

"अरे राजा, शेताला पाणी देऊन आठ दिवस झाले. जमीन आज वाफशावर आलीये. ना चिखल, ना दगड. हे चार-पाच दिवस टिकतं, मग वीट होते नुसती. पाण्याची पुढची पाळी महिन्याने. आणि शेडमध्ये चाळीस क्रेट बटाट्याचं बेणं कोंब काढून बसलंय. तुमची चौकशी होईपर्यंत ते काय कोंब आत ओढून घेणार आहे?"

"बेण्याचा विषय दुसऱ्या कक्षाकडे येतो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उगाच शिक्क्याची शाई तपासली.

मंगळवारी कक्षाच्या चौकशी समितीने स्थळपाहणी केली. अध्यक्ष, तज्ज्ञ सदस्य आणि मी. तज्ज्ञ सदस्य मूळचे लिफ्टमधले. "थांबायचं तिथे थांबायला हवं. तत्त्व एकच," असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरला लांबूनच नमस्कार केला. नीट दिसावं म्हणून अध्यक्ष कुंपणावर चढले. आत्याला घटना जशी घडली तशी पुन्हा घडवून आणायला सांगण्यात आलं. तिने घडवून आणली. ट्रॅक्टर सव्वादोन मीटर पुढे गेला, दुसरा खांब तिरका झाला आणि अध्यक्ष मुख्याध्यापकांच्या वांग्यांत उतरले. अहवालात मी लिहिलं: "दोन्ही वेळी अंतर समान आढळले. यंत्राचे वर्तन सातत्यपूर्ण आहे."

मुख्याध्यापकांनी दुसरी तक्रार केली, या वेळी समितीविरुद्ध. ती चौकशीसाठी समितीकडेच आली. मी माझी पोच मलाच दिली.

बुधवारी बैठक. टेबलावर चहाचे कप आणि मधोमध ते कपलिंग. तज्ज्ञांनी ते रुमालात धरून उलटसुलट पाहिलं.

"हे ट्रॅक्टरच्या मूळ पुस्तिकेत आहे का?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला. "तेव्हा रोटाव्हेटर कोण लावत होतं?"

"म्हणजे हा बदल झाला. तीस वर्षांवरच्या यंत्रात बदल करायचा तर निर्मात्याची लेखी संमती लागते."

"अहो, ती कंपनी बंद पडून पंचवीस वर्षं झाली."

"म्हणजे तुम्हाला ती माहीत आहे," अध्यक्ष खुश होऊन म्हणाले. "सचिव, यांच्याकडून पत्ता घ्या."

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. मी पत्र पाठवलं. दरम्यान अर्जदाराची अडचण होऊ नये म्हणून समितीने तात्पुरता उपाय सुचवला. ट्रॅक्टर थांबल्यावर सव्वादोन मीटर पुढे जातो, तेव्हा त्याच्यापुढे तीन मीटरवर लाल झेंडा घेतलेला एक जबाबदार इसम चालेल. उरलेलं पाऊण मीटर ही निव्वळ सुरक्षा. जबाबदार इसम कोण, यावर चर्चा झाली नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघायला लागले.

गुरुवारी सकाळी मी शेतात झेंडा घेऊन उभा राहिलो. पायात कार्यालयाचे बूट. जुन्या ट्रॅक्टरची आणखी एक खोड मला कुणी सांगितली नव्हती. रोटाव्हेटरला मुंगीच्या चालीने जाणारा ट्रॅक्टर हवा, आणि याचा पहिला गिअरसुद्धा घाईत असतो. त्यात तीन मीटरचं अंतर राखायचं आणि तोंड चालकाकडे ठेवायचं, असं आदेशाच्या परिशिष्टात मीच लिहिलं होतं. म्हणजे नांगरलेल्या शेतातून, ढेकळं तुडवत, मला उलटं पळणं भाग होतं.

"पळ रे राजा!" आत्या वरून ओरडली. "जरा उचल पाय! कार्यालयात बसून बसून पार गोणी झालीये तुझी!"

पहिला फेरा मी पळालो. दुसऱ्या फेऱ्यात जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्यात ढेकळाला टाच अडकली आणि मी उताणा पडलो. आत्याने क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. तो का थांबणार नाही, याचं संपूर्ण तांत्रिक विवरण माझ्याच फायलीत होतं आणि पडल्यापडल्या मला ते पाठ आठवत होतं. वर आत्या लिव्हरशी झटत होती, तोंडाने मला आणि समितीला शिव्या घालत होती, आणि एकदम रुळाला जोडणारा दांडा सुटला, ब्रेक लागला, सगळं गप्प झालं. पुढचं चाक झेंड्यावर होतं. माझा हात त्याच्यापासून वीतभर.

आत्या उडी मारून उतरली, मला चाचपून पाहिलं, कुठे लागलं नाही याची खात्री केली आणि मग एक सणसणीत ठेवून दिली. ठेवून दिल्यावर रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "वीस मिनिटांचं काम आहे रे मेल्या."

शुक्रवारी समितीने घटनेची गंभीर दखल घेतली. आधीच्या दोन घटनांत मनुष्याला धोका नव्हता, तिसऱ्या घटनेत झाला. त्यामुळे धोका वाढत चालला असल्याचा निष्कर्ष निघाला. झेंडेवाला नेमला कुणी, हा प्रश्न आला नाही. ट्रॅक्टरला सील लावण्यात आलं. शेत घटनास्थळ असल्याने तिथे दुसऱ्या कुणाचंही यंत्र जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी पिवळी पट्टी बांधली. आदेशावर सही सचिवाची असते. मी केली.

त्या दुपारी मी आत्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. टेबलावर माझ्या ताटाशेजारी कपलिंग ठेवलेलं होतं आणि त्याखाली आमची नियमावली. तिने ती वाचून काढली होती. चष्मा अजून डोक्यावर होता.

"हे बघ, कलम अकरा," तिने बोट ठेवलं. "'सचिवास योग्य वाटल्यास तातडीच्या दुरुस्तीस परवानगी देता येईल.' सचिव तूच ना?"

"मीच."

"मग तुला काय वाटतं? हे बसवणं योग्य आहे का नाही?"

"योग्य आहे."

"अजून आजचा दिवस ओल आहे. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं, मी नि मेकॅनिक, अर्धं तरी शेत काढतो. सही कर."

"आत्या, 'वाटल्यास' म्हणजे काय, याची व्याख्या दिलेली नाही," मी म्हणालो. "उद्या कुणी विचारलं तर?"

तिने मला वाढलं. लाज वाटत होती मला, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि त्या दोन्हींपेक्षा मला माझी खुर्ची हवी होती. खिशात पेन होतं. जेवून मी हात धुतले आणि मार्गदर्शन मागवणारं पत्र वरच्या कार्यालयाला लिहायला परत गेलो.

रविवारी वारा सुटला. सोमवारी आत्याने पट्टीखालून वाकून शेतात पाय टाकला आणि टाच आपटून पाहिली. खणखणीत आवाज आला. पुढच्या पंधरवड्यात बेण्याचे कोंब लांबले, सुकले, बटाटे सुरकुतले. चाळीसच्या चाळीस क्रेट तिने स्वतः उकिरड्यावर रिकामे केले. मी मदतीला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या. आपल्याला सवय नाही." ती मला पहिल्यांदा आपण म्हणाली.

कंपनीला पाठवलेलं पत्र परत आलं. मार्गदर्शन अजून यायचं आहे. समितीचं मात्र नाव झालं. आमच्या हद्दीत तो हंगाम एकाही ट्रॅक्टर अपघाताविना गेला, आणि हा आकडा असाच राहावा म्हणून तीस वर्षांवरचे सगळेच ट्रॅक्टर सील करावेत असा प्रस्ताव निघाला. मनमानी नको म्हणून आधी लोकांचं मत घेतलं. घरोघरी मोबाइलवर एकच प्रश्न पाठवला: "अपघात टळावेत असे आपणांस वाटते का?" हो किंवा नाही.

नाही म्हणणारे दोन निघाले. एक आत्या, दुसरा मेकॅनिक. बाकी सगळ्यांनी हो म्हटलं आणि प्रस्ताव मंजूर झाला.

तुम्ही मला मनातल्या मनात शिव्या घालताय, दिसतंय मला. घाला. मी त्या लायकीचाच आहे. पण उत्तरांची यादी माझ्याकडे आहे, वेळेसकट. तुमचं उत्तर दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आलं, प्रश्न पाठवल्यानंतर चौथ्या सेकंदाला. जेवायला बसला होतात ना तुम्ही? भाजी बटाट्याची होती.