कुरळ्या केसांना लागलेली हळद

"आई, या दिवाळीत माह्या केसाले कोणी हसून दाखवावं, मी क्लासची नोकरी सोडून देईन!"

कुलदीपने ही गर्जना केली तेव्हा त्याची आई पार्वताबाई अमरावतीजवळच्या भातकुलीच्या घरात चकल्या तळत होती. तिने कढईवरून नजरही हलवली नाही.

"पोट्ट्या, आपल्याले मुलगी पाह्याले जायचं हाये. तुह्ये केस दाखवाले नाही."

पण कुलदीपच्या मते दोन्ही एकच होतं! अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. शिकवायचा चांगलं, पण विद्यार्थी त्याला 'शेवया सर' म्हणायचे. केसच तसे होते. दाट, काळे, कुरळे आणि कोणाच्या बापाचं न ऐकणारे. विंचरले की ते कापसाचं बोंड उकलावं तसे चहूबाजूंनी फुलायचे आणि कुलदीपचा चेहरा मध्ये कुठेतरी हरवून जायचा. याआधी दोन मुलींनी नकार कळवला होता. कारण कोणी सांगितलं नव्हतं, पण कुलदीपने ते आरशात पाहिलं होतं.

मग त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून शास्त्र आत्मसात केलं. कुरळे केस कोरडे विंचरायचे नाहीत. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती बनियनने टिपायचे. आणि ओले असतानाच त्यांना जवसाचं जेल चोपडायचं. जवस पाण्यात उकळले की अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत पाणी सुटतं, तेच ते जेल. बाजारात कशाला जायचं? घरात जवसाचं पोतं होतं! एवढे दिवस वऱ्हाडातली माणसं त्याची नुसती चटणी करून खात बसली, याचं कुलदीपला वाईट वाटलं.

भाऊबीज आटोपली आणि मायलेक अकोल्याला कौशल्यामावशीकडे मुक्कामी गेले. मुलगी अकोल्याचीच होती. पौर्णिमा नाव, फिजिओथेरपिस्ट. वडील पुंजारामजी भाजीचे ठोक व्यापारी. सकाळी पोह्याच्या वेळेला बोलावलं होतं. कुलदीपने स्टीलच्या डब्यातून आणलेलं जेल मावशीच्या फ्रीजमध्ये जपून ठेवलं आणि निश्चिंत झोपला.

सकाळी त्याने डोकं धुतलं, बनियनने टिपलं आणि फ्रीज उघडला. डबा होता. आत काहीच नव्हतं! चाटूनपुसून साफ!

"मावशी! माह्या डब्यातलं काय झालं?"

उत्तर मावशीच्या यजमानांनी, पंजाबराव मावसाजींनी दिलं. ते ओसरीत पेपर वाचत बसले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की जणू सातबारा नावावर झाला!

"ते इसबगोल तुह्यं होतं काय? चार दिवस झाले, फराळानं पोटाचा नुसता दगड झाला होता. घेतलं सारं. काय औषध हाये राजा! कोणत्या डॉक्टरचं?"

कुलदीपने डोक्याला हात लावला. डोक्यावरून पाणी ठिबकत होतं. केस वाळायला लागले की संपलं! एकेक केस उठून उभा राहणार. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मावशी, जवस दे लवकर!"

"जवसाची कालच चटणी कुटली बाप्पा. तिखट टाकून बसली मी."

"मग भेंडी? भेंडी तं हाये ना? भेंडीचंबी होते!" हेही त्याने व्हिडिओतच पाहिलं होतं. "चिर, पाण्यात उकळ अन् फडक्यातून गाळून दे. मी बाथरूममंदी जातो, डोकं ओलं ठेवा लागते."

मावशी भाच्याच्या लग्नासाठी काहीही करायला तयार होती. भेंडी काय, तिने पडवळही उकळलं असतं! थोड्या वेळाने बाथरूमच्या दारातून तिने हात आत घालून पातेलं दिलं. कुलदीपने डोळे मिटले आणि ते गरमागरम बुळबुळीत प्रकरण मुळापासून टोकापर्यंत चोपडलं. वास थोडा भाजीसारखा येत होता. पण भेंडीला काय मोगऱ्याचा वास येणार?

आणि काय सांगावं! केस वाळले तसे एकेक कुरळं वेटोळं चकलीसारखं सुटं, चकचकीत होऊन बसलं. पार्वताबाईने स्वतःहून दृष्ट काढली. कुलदीपने पांढराशुभ्र शर्ट चढवला आणि चौघेजण ऑटोने निघाले.

पुंजारामजींकडे स्वागत झक्कास झालं. बैठकीत पंखा होता, पोहे होते, चिवडा होता. पौर्णिमाची आजी गंगूबाई समोरच्या दिवाणावर बसून पोराला निरखत होती. पौर्णिमा ट्रे घेऊन आली. तिची वेणी तेल लावून इतकी घट्ट घातली होती, की भुवया वर चढल्या होत्या. तरी कानापाशी दोनचार कुरळ्या बटा निसटल्याच होत्या. कुलदीपने त्या बटा पाहिल्या आणि तो पोह्यांची बशी घ्यायलाच विसरला.

तेवढ्यात लाइन गेली.

पंखा थांबला. अकोल्याचं ऊन दिवाळीलाही सुट्टी घेत नाही! कुलदीपला घाम फुटला. एक थेंब कानामागून निघाला, मानेवर उतरला आणि कॉलरवर जिरला. मग दुसरा. मग कपाळावरून तिसरा.

गंगूबाईने चष्मा सारखा केला.

"काहून गा पुंजाराम, या पोराले हळद लागून राहिली काय?"

सगळ्यांनी पाहिलं. मानेवर पिवळ्या रेघा, कानावर पिवळं, पांढरी कॉलर पिवळीधमक!

"माय!" पौर्णिमाच्या आईचा हात तोंडावर गेला. "दुसरीकडं लग्न लागून राहिलं काय याचं?"

"काहीतरीच काय वो बाई!" पार्वताबाई उसळली. मग तिने पोराच्या मानेकडे पाहिलं आणि ती त्याच्याजवळ सरकली. "कुलदीप... खरं सांग. अमरावतीत कोणती पोट्टी हाये?"

"आई!"

"मले काहून नाही सांगितलं रे? मी काय नाही म्हटलं असतं?"

मावशीने मात्र जीभ चावली आणि कुलदीपच्या कानाशी लागली. "बाबू, भेंडी उकळताना चुटकीभर हळद-मीठ पडलं वाट्टे. हाताले सवय हाये ना रे!"

आता काय सांगणार? मुलगी पाहायला आलेल्या माणसाने सांगायचं, की मी डोक्याला भाजी लावून आलो? पुंजारामजी उठून उभे राहिले होते. मावसाजी चपला शोधत होते.

"आजी, थांब न," पौर्णिमा म्हणाली. ती सरळ कुलदीपपाशी आली आणि त्याच्या कानावरच्या केसातून चिमटीने काहीतरी उचललं. पांढरं, गोल, इवलंसं. "हे पाय. भेंडीचं बी हाये. लग्नाची हळद नाही आजी, भाजीची हाये."

पुंजारामजींनी बी तळहातावर घेतलं. भेंडी ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"म्हणजे सकाळी तुमी भाजी करून आले?"

कुलदीपने पौर्णिमाकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण डोळे हसत होते.

"हो," तो म्हणाला.

"अन् भेंडीचा चिकटपणा? तो कसा काढता?"

"काढत नाही जी! तोच तं पाहिजे!" हे मात्र त्याच्या तोंडून अगदी मनापासून निघालं.

पुंजारामजी चकित झाले.

मग दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. पौर्णिमा म्हणाली, "फडकं दुहेरी घेतलं असतं तं बी आलं नसतं."

"तुमीपण?"

"जवस. होस्टेलवर होती तेव्हापासून. आज आजीनं पकडून तेल थापलं." तिने वेणी थोडी सैल केली. "तुमचे केस छान बसले बरं. हळद सोडून."

कुलदीपच्या केसांना आजवर कोणीही छान म्हटलं नव्हतं. मग दोघं कंडिशनर, सुती बनियन आणि उशीला घालायची सॅटिनची खोळ यांवर इतका वेळ बोलले, की खालून दोनदा चहाला हाका आल्या. कुलदीपला कॉलरची आठवणसुद्धा राहिली नाही.

परतताना ऑटोतच पुंजारामजींचा फोन आला. मावशीने स्पीकर लावला.

"पोरीचा होकार हाये. अन् आमच्या साऱ्या घराचाबी! आजकाल असा स्वयंपाक करणारा पोरगा कुठं भेटते? या रविवारी भाऊबंद गोळा करतो. भेंडी मी ताजी, कवळी काढून ठेवतो. पन्नासेक माणसं होतील. जावईबापूंनी फक्त कढईपाशी उभं राहाचं!"

फोन बंद झाला. पार्वताबाईने लेकाकडे वळून पाहिलं.

"भेंडी चिरून धुतेत का धुऊन चिरतेत, एवढं तरी मालूम हाये काय तुले?"

कुलदीप दचकला.

"धुवाबी लागते?"