मागाच्या खड्ड्यातला परीक्षक

मार्तंड निनावे मास्तर शालान्त परीक्षेचे परीक्षक झाले, ही गुप्त बातमी नागपुरातल्या अख्ख्या कोष्टीपुऱ्याला दोन दिवसांत कळली, कारण ती मास्तरांनीच सांगितली. विषय आरोग्यशास्त्र. तीनशे पेपर सोमवारपर्यंत घरीच तपासून परत द्यायचे. उशीर झाला की पुढच्या वर्षी यादीतून नाव कट.

साठ पेपर झाले आणि मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी डोळे तपासले. "चष्मा बरोबर आहे मास्तर, उजेड चुकतोय."

मास्तर तडक सीताबर्डीवर गेले, दोनशे वॅटचा बल्ब आणला आणि टेबलाच्या डोक्यावर टांगला. टेबलावर सासऱ्यांनी दिलेली काच होती. त्या काचेत दुसरा बल्ब पेटला. एक वरून डोळे जाळू लागला, दुसरा खालून.

"काच काढा नं," बायको गोपिका म्हणाली.

"परीक्षकाच्या टेबलाले काच पाहिजेच वं."

खाटेवर मास्तरांचे वडील बाबाराव बसले होते. चाळीस वर्षं रेशमी किनार विणूनही म्हाताऱ्याचा डोळा शाबूत होता. ते म्हणाले, "मार्तंडा, मी सांगू का गा?"

"बाबा, तुम्ही थांबा. हे शास्त्र आहे."

शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड. घरातल्या अडाण्याला तो कधी विचारणार नाही, मग डोळे गेले तरी चालतील.

मास्तरांनी टेबल फिरवलं, तर त्यांच्याच डोक्याची सावली पेपरवर पडली. बल्बला वर्तमानपत्राची टोपी घातली. ती अर्ध्या तासात करपली आणि घरभर धूर झाला. मग त्यांना सुचलं की खरा उजेड सूर्याचा. पण खिडकीत कूलर बसवलेला.

"मे महिन्यात कूलर काढून राहिले?" गोपिका म्हणाली. "आमाले भाजून काढता का?"

"माझं नाव कटलं तर चालते का तुले?"

कूलर निघाला. खिडकीतून ऊन थेट पेपरावर आलं आणि त्याच्या मागोमाग गरम वाऱ्याची लू. वरचे दहा-बारा पेपर उडाले ते समोरच्या दारातून गल्लीत. बोर्डाची गुप्त उत्तरं नळावरच्या बायांच्या पायांत गेली. मास्तर बनियनवर धावले. सगळे पेपर सापडले, एक सोडून. तो शेजारचा लहानू वाचत वाचत घेऊन आला.

"मास्तर, या पोराले पाच काहून देल्ले? सहाचं लिवलं हाय त्यानं."

मास्तर घरात येऊन मटकन खाली बसले. दोनशे चाळीस पेपर बाकी होते आणि दिवस दोन.

"आता सांगू का?" बाबाराव म्हणाले.

म्हातारा उठला आणि मागच्या खोलीत गेला. तिथे मागाखालचा, विणकरानं पाय सोडून बसायचा खड्डा होता. माग विकून आठ वर्षं झाली होती, आता फळी टाकून खड्ड्यात कांदे ठेवत. डाव्या हाताला, जमिनीलगत, उत्तरेची खिडकी.

"हितं सूर्य दिसत नाही, नुसता उजेड येते. रेशीम चमकलं का धागा दिसत नाही गा, म्हनून माझ्या बापानं खिडकी हितं पाडली. कांदे काढ. पाय आत टाक. फळी मांडीवर घे."

"बाबा, या खड्ड्यात पाय टाकावा लागू नये म्हणून तुम्हीच मले शिकवलं नं?"

"शिकवलं. पण उजेडानं तुहं काय वाकडं केलं?"

मास्तर बसले. पायांना गारवा लागला. कागदावर ना चकाकी, ना सावली. कूलर परत खिडकीत गेला, गोपिकाही शांत झाली. शाई कधी नव्हे इतकी काळी दिसू लागली, आणि मास्तरांनी प्रश्न तिसरा पहिल्यांदाच नीट वाचला: 'वाचताना उजेड कोणत्या बाजूने यावा? कारण लिहा. गुण दोन.'

त्यांनी तपासलेले साठही पेपर पुन्हा काढले. एकोणसाठ पोरांनी लिहिलं होतं, 'डाव्या बाजूने, डोळ्यांवर न चमकता.' मास्तरांनी रडत्या डोळ्यांनी एकोणसाठ वेळा बरोबरची खूण केली होती. साठाव्यानं लिहिलं होतं, 'डोक्यावरून, मोठ्या बल्बचा.' त्यालाही पूर्ण दोन.

"याचे दोन्ही कापतो," म्हणत मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली.

"काय लिवलं त्यानं?" बाबारावांनी विचारलं.

मास्तरांनी वाचून दाखवलं.

म्हाताऱ्यानं कांदे टोपलीत भरता भरता मान हलवली. "एक गुण तरी ठेव गा त्याचा. कोन्या मास्तरच्या घरचं पोरगं दिसते."