हिरासिंगची हाडं पहिल्या ग्रेडची

हाडं मोजून नागपूरहून परत निघालेल्या हिरासिंग राठोडनं एसटीतच निकाल देऊन टाकला, "आपली हाडं पहिल्या ग्रेडची हायेत."

बिजलीबाईनं नुसतं "बरं" म्हटलं. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या निकालावर तिनं कधी अपील केलं नव्हतं.

हिरासिंग पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. मूठभर कापूस दाबला की त्यातली ओल आणि कचरा तो नेमका सांगायचा. बाजारात भाव पडले की त्याच्या एका शब्दावर शेतकऱ्याची गाडी आत जायची नाहीतर गेटावरून फिरायची. पण वर्षभरापासून त्याची स्वतःची कंबर त्याचं ऐकत नव्हती. मणक्याची गादी सरकलेली, पायाला मुंग्या, दहा मिनिटं उभं राहणं मुश्कील. दिवाळीनंतर खरेदी सुरू होणार, आणि तोवर ऑपरेशन झालं नाही तर आपल्या जागी दुसरा कोणी उभा राहील, या धास्तीनं त्याला घेरलं होतं. डॉक्टर मणक्यात स्क्रू बसवायला तयार होते, मात्र आधी हाडांची घनता मोजून आणा म्हणाले. तपासणी केंद्रात त्या आठवड्यात सोबतच्या माणसाची तपासणी फुकट होती, म्हणून बिजलीबाईही यंत्राखाली पडून आली.

कागदावर हिरासिंगचा आकडा होता उणे तीन पूर्णांक एक दशांश आणि बिजलीबाईचा उणे शून्य पूर्णांक चार दशांश. ओल जितकी उणी, कचरा जितका उणा, तेवढा माल चोख. जन्मभर हेच केलेल्या माणसाला यात डॉक्टरला विचारण्यासारखं काय होतं?

"माह्यात काई खोट नाई," तो म्हणाला. "तुह्यात जराशी हाये. जपत जाय."

घरी आल्यावर हे जपणं त्यानं स्वतःच्याच अंगावर घेतलं. बायकोच्या डोक्यावरची पाण्याची गुंडी उतरवून घेतली, तिला बाजेवर बसवलं. शेजारी राहणारा उकंडा आईचा असाच कागद घेऊन आला, तर उणे अडीच बघून हिरासिंगनं म्हातारीला टणक ठरवलं आणि तिच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. म्हातारीनं उकंड्यालाच हाकललं आणि गोळी घेतली. उकंडा मात्र गावभर सांगत सुटला, की हिरासिंगभाऊ हाडंही पारखतात. मग बघायला आलेल्या चार माणसांसमोर पहिल्या ग्रेडच्या हाडाचं प्रात्यक्षिक द्यायला हिरासिंगनं म्हशीला घालायच्या ढेपेचं पोतं उचललं. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि हिरासिंग तिथेच अडकला. चार दिवस तो काटकोनात वावरला. "हाड शाबूत हाये, नस रुसली," असं तो जमिनीकडे बघत सगळ्यांना सांगत होता.

ऑपरेशनची तारीख घ्यायला दोघं नागपूरला डॉक्टरांकडे गेले, तेव्हाही त्याचा तोरा तसाच होता.

"साहेब, स्क्रू बिनधास्त ठोका. पोतं उचलून पाह्यलं, माल एक नंबर हाये."

डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. शून्य म्हणजे तरुण, धडधाकट माणसाचं हाड, त्यांनी समजावलं. उणेचा आकडा जितका मोठा, तितकं हाड पोकळ. अडीचपासून ठिसूळ धरतात. पोतं उचलून मणका मोडला नाही हे नशीब. बाईंची हाडं मात्र उत्तम आहेत. तुमच्या अशा हाडात स्क्रू धरणार नाहीत. आधी सहा महिने रोज इंजेक्शन, मग पुन्हा मोजणी, मग ऑपरेशन.

हिरासिंगनं मनात महिने मोजले. सहा महिन्यांत खरेदी सुरू होऊन संपणार होती. "थोडं कमी-जास्त असन साहेब. एखादा स्क्रू ढिला राह्यला तरी चालन. इतक्या दुरून आलो, घ्या ना चालवून."

"तुमच्या केंद्रावर ओला कापूस आला तर तुम्ही काय करता?"

"परत पाठवतो. वाळवून आणा म्हणतो," हिरासिंग सवयीनं, छाती पुढे काढून म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली आणि फाइल त्याच्या हातात ठेवली.

बाहेर येऊनही हिरासिंग दाराशीच थांबला. आत पुन्हा जावं, हात जोडावेत, साहेबांचं मन फिरेल, असं त्याला वाटत होतं. बिजलीबाईनं त्याच्या हातातली जड पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"चला," ती म्हणाली. "तुमच्या गेटावरून लोकंही जातेतच ना घरी."

ते कसे जात असतील, हा विचार हिरासिंगच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदाच आला.