यादोरावांचं पोवळं

पोवळ्याला जरा ऐसपैस जागा द्यावी, एवढंच यादोरावांनी ठरवलं होतं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. यादोराव तुमसरला सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या हातून आजवर काही जगलं नव्हतं. तुळस वाळली, पोपट उडाला (पिंजरा उघडा ठेवला तो यांनीच). मग मेव्हणा ईश्वर रामेश्वरच्या यात्रेहून पांढरं, फांद्याफांद्यांचं पोवळं घेऊन आला. बायको शकुनबाईंच्या दोन सोनेरी मासोळ्यांच्या काचपेटीत ते ठेवलं, आणि महिनाभरात त्याच्यावर हिरवी झाक चढली. तेवढ्यात यादोरावांनी पेपरात वाचलं की पोवळं हा दगड नव्हे, जिवंत प्राणी असतो आणि तो वाढतो. झालं! कचेरीतून आल्यावर चपला काढायच्या आधी ते पेटीपाशी जाऊ लागले. हे शेवाळ आहे, असं शकुनबाईंनी सांगून पाहिलं. पण नवऱ्याच्या तोंडावर इतका आनंद लग्नातही नव्हता, म्हणून त्या गप्प राहिल्या.

राईस मिलच्या सुताराकडून पलंगाएवढी काचपेटी आली. यादोरावांनी पाणी भरलं, पोवळं सोडलं, मासोळ्या सोडल्या आणि लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ पोत्यासकट उपडं केलं.

"मीठ कायले टाकता जी?" शकुनबाई धावत आल्या.

"समुद्रातला जीव होय तो. त्याले गोडं पाणी सोसत नाही."

"अन् माह्या मासोळ्या?"

मासोळ्यांचा विचार यादोरावांनी केलाच नव्हता. त्या तोवर आडव्या झाल्या होत्या. शकुनबाईंनी चहाच्या गाळणीने त्यांना उचलून पिण्याच्या पाण्याच्या पितळी गुंडात टाकलं. तिथं त्या वाचल्या. घरादाराला मात्र पाणी प्यायला शेजारी जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पोवळ्याची हिरवाई सालपटासारखी गळून पडली. खाली पांढराफटक सांगाडा.

यादोरावांनी कपाळावर हात मारला. आयुष्यात एक जीव आपल्या हाताखाली वाढला आणि तोही आपणच मारला! ते जेवेनात, दाढी करीनात, कचेरीत जाईनात. भात ताटात वाळायचा. रात्री उठून ते पेटीवर हात ठेवून बसायचे, तेव्हा शकुनबाईंनाही भरून यायचं. पण गुंडातल्या मासोळ्या आठवल्या की राग परत यायचा. अशाच रागात असताना कचेरीचा चपराशी बाबुलाल चौकशीला आला. "साहेब सुतकात बसले आहेत, सांग जा," असं त्या बोलून गेल्या.

संध्याकाळी ईश्वर आंधळगावहून आला. त्याने सारं ऐकलं, पोवळं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. रामेश्वरच्या दुकानात अशी वाळलेली पोवळी टोपलंभर पडली होती, त्यातलंच हे एक, असं त्याने सांगितलं. यादोरावांना रडावं की काय करावं कळेना.

तेवढ्यात हेडक्लार्क ताराचंदबाबू अख्खी कचेरी घेऊन दारात उभे. सगळे टोप्या काढून सतरंजीवर बसले.  ताराचंदबाबूंनी हळूच ईश्वरला विचारलं, "कवा झालं जी?"

"आता काही नाही झालं," ईश्वर म्हणाला. "आणला तवापासूनच मेलेला होय."

ताराचंदबाबूंनी पेटीकडे पाहिलंच नाही. त्यांनी यादोरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला.

"ते आमच्याही ध्यानात आलं होतं जी. पण सरकारी नोकरी आहे, काढता येत नाही."