पाणीखबर

सोनियाच्या यंत्रानं आयुष्यातली पहिली थाप मारली ती शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. नेमकी त्याच वेळी सोनिया स्टेजवर उभी राहून तीन परीक्षकांना सांगत होती, की हे यंत्र थाप मारत नाही.

यंत्र साबणाच्या डबीएवढं होतं, म्हणजे साबणाच्या डबीतच बसवलेलं होतं. पुंडलिकनगरातल्या तिच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई. कधी आठव्या दिवशी, कधी नवव्या, आणि आलं की पाऊण तासात जाई. त्या पाऊण तासासाठी गल्लीतली माणसं रजा टाकत, बारशी चुकवत, आजारी नातेवाइकांना 'उद्या येतो' म्हणून सांगत. सोनियानं गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या अप्पारावांच्या नळाला ही डबी बांधली होती. पाइपात पाणी सरकलं की डबीला कळे आणि ती एकदम चाळीस घरांना फोन लावी. फोनवर सोनियाचाच आवाज असे : "नमस्कार. तुमच्या गल्लीत पाणी आलं आहे. कृपया मोटार लावा." हे वाक्य तिनं डोक्यावरून गोधडी घेऊन बत्तीस वेळा रेकॉर्ड केलं होतं. एकतिसाव्या वेळी चांगलं जमलं होतं, पण शेवटी प्रेशर कुकरची शिट्टी आली.

या डबीपायी तिनं चिकलठाण्यातल्या कारखान्याची नोकरी सोडली, त्याला नऊ महिने झाले होते. तिचे वडील पुंजाराम सिल्लोडजवळच्या गावात मका करत. त्यांना तिनं हे फोनवर सांगितलं.

"म्हंजी पाणी आलं की तू लोकायला सांगणार?"

"व्हय."

"आपल्या गावात हे काम कोतवाल करायचा, बाई. त्याला डिप्लोमा लागत नव्हता."

तेव्हापासून पुंजाराम दर रविवारी फोन करत आणि मक्याचा भाव सांगून ठेवून देत. बाकीच्या दिवशी सोनियाशी बोलायला सहसा कोणी नसे. कारखान्यातल्या मैत्रिणींच्या शिफ्ट बदलल्या, मग नंबर बदलले. मेसचा डबा दाराच्या कडीला लटकलेला असे. वाढदिवसाला तिला बँकेनं शुभेच्छा पाठवल्या आणि तिनं त्या दोनदा वाचल्या. गल्लीत तिला सगळे 'वरची पोरगी' म्हणत, कारण ती वरच्या मजल्यावर राही. एकदा किराणा दुकानात तिनं साखर मागितली, तर शेजारच्या बाई वळून म्हणाल्या, "तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय हो." सोनियाचा चेहरा उजळला. पण बाईंना आठवेना, आणि पोहे घेऊन त्या निघून गेल्या.

म्हणूनच तरुण उद्योजकांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं, तेव्हा ती हरखली. पहिल्या येणाऱ्याला एका उद्योगकेंद्रात वर्षभर जागा आणि हत्यारं वापरायला मिळणार होती. शिवाय पाच मिनिटं तीन माणसं आपल्याकडं बघून आपलं बोलणं ऐकणार, हेही काही थोडं नव्हतं.

मधल्या खुर्चीतल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमची दूरदृष्टी काय? आणि जोखीम कुठली घेतलीत?"

जोखमीचं उत्तर सोपं होतं. नोकरी सोडून ती इथं उभी होती, हीच जोखीम होती. दूरदृष्टीचं मात्र तिनं पाठ करून आणलं होतं. "मला असं शहर दिसतं," ती म्हणाली, "जिथं पाण्याची वाट बघत कोणीही घरात अडकून पडणार नाही. माणसं बिनघोर आपापल्या कामाला जातील, कारण पाणी आलं की..."

एवढ्यात तिचा फोन वाजला. आवाज ऐकवता यावा म्हणून तो सभागृहाच्या स्पीकरला जोडलेला होता. अख्ख्या सभागृहात घुमलं : "नमस्कार. तुमच्या गल्लीत पाणी आलं आहे. कृपया मोटार लावा."

आज तर सहावाच दिवस, असं सोनियाच्या मनात आलं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. मागच्या रांगेत कोणीतरी शिट्टीही मारली. बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "आत्ता? खरोखर आत्ता?"

"व्हय मॅडम," सोनिया म्हणाली. "आत्ताच."

आणि तिला पहिला नंबर मिळाला.

इकडं गल्लीतली माणसं खरोखरच बिनघोर आपापल्या कामाला गेली होती. राजकुमार मुकुंदवाडीत भाच्याच्या साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसले होते. भाच्याच्या हातात अंगठी आली आणि यांच्या खिशात फोन वाजला. "पाणी!" एवढंच बोलून ते उठले. नवरदेवाचा मामा उठला म्हणून त्यांच्या दोन मेहुण्याही उठल्या. त्या दोघी का उठल्या म्हणून मुलाकडची अर्धी रांग उठली. मुलीच्या वडिलांना वाटलं, सोयरीक मोडून पाहुणे चालले. ते आडवे आले. "आमचं काय चुकलं ते तरी सांगा!" असं म्हणत ते राजकुमारांच्या स्कूटरमागं चौकापर्यंत धावले.

सोनियाच्या घरमालकीण सत्यभामाकाकू दातांच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी जबडा बधिर करून पक्कड दाताला लावली होती. काकू तशाच खुर्चीवरून उतरल्या. कोपऱ्यावरच्या सलूनमधून बन्सी हातातलं गिऱ्हाईक सोडून पळाला. पण गिऱ्हाईकही त्याच गल्लीतलं असल्यामुळं तेही साबणाच्या फेसासकट त्याच्या मागं पळालं. अशी सदतीस घरं वीस मिनिटांत परतली. सदतीस मोटारी एकदम लागल्या. कोरड्या नळांवर त्या घरघरल्या, तापल्या, आणि पाण्याचा एक थेंबही आला नाही.

साडेबाराला सोनिया रिक्षातून उतरली. एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. बघते तर तिच्या जिन्यापाशी अख्खी गल्ली उभी. नऊ महिन्यांत तिच्या दाराशी डबेवाल्याशिवाय कोणी आलं नव्हतं. तिनं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"तुम्हाला कसं कळलं?" ती हसत म्हणाली. "अजून पेपरात पण आलं नाय."

"काय आलं नाय?" राजकुमार कडाडले. "पाणी आलं नाय!"

"आं?"

"अंगठीच्या टायमाला उठलो मी! मामा हाय मी नवरदेवाचा! पोरीचा बाप चपला न घालता धावला माझ्या मागं!"

"अध्धा दात ऱ्हायला माझा," सत्यभामाकाकू बधिर तोंडानं म्हणाल्या. त्या काय म्हणाल्या ते कोणालाच कळलं नाही. म्हणून त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

पोहे नेणाऱ्या बाई गर्दीतून पुढं आल्या. त्यांनी सोनियाकडं निरखून पाहिलं. "आत्ता ध्यानात आलं," त्या म्हणाल्या. "तो आवाज हिचाच!"

सोनियानं पुष्पगुच्छ जिन्यावर ठेवला आणि ती थेट अप्पारावांच्या नळाकडं गेली.

अप्पाराव सत्तरीचे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगा पुण्यात. नळाभोवतीची फरशी ओली होती. तोटी काढून बाजूला ठेवली होती, तिच्याशेजारी तांब्या. अप्पाराव बनियनवर पायरीवर बसले होते, आणि शाळेत पकडलेल्या मुलासारखे दुसरीकडं बघत होते.

"अप्पा, नळात पाणी कोणी वतलं?"

"मीच."

"कामून?"

अप्पारावांनी तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला. "तू मंगळवारी यायचीस. डबीची बॅटरी बघायला. तीन मंगळवार झाले, आली नाहीस."

"मोठी बॅटरी बसवली ना अप्पा. आता सहा महिने बघावी लागत नाय."

"तेच तर. डबी लई चांगली चालायला लागली. म्हणलं, जराशी बिघडावी." ते थांबले. "मला काय माहीत ती समद्या गल्लीला उठवील? मला वाटलं, फक्त तुलाच फोन जाईल."

सोनियाला रागाची मोठी उकळी फुटली. डबी, नोकरी, नऊ महिने, सगळं या माणसानं एका तांब्यात बुडवलं होतं. ती बोलायला गेली, आणि तिला ते मंगळवार आठवले. दर मंगळवारी बॅटरी बघायला तिला खरं तर दोन मिनिटं लागत. ती तास-तासभर थांबे. अप्पाराव जुन्या ट्रंक कॉलच्या गोष्टी सांगत, आणि ती आठवडाभराचं साठलेलं बोलून घेई. मोठी बॅटरी बसवल्यावर पुढच्या मंगळवारी तिला करमलं नव्हतं. पण काम नसताना कोणाच्या घरी कसं जायचं, म्हणून ती गेली नव्हती.

अप्पारावांनी खुंटीवरचा सदरा काढला. "चल. मी सांगतो त्यायला."

घाईत त्यांनी सदऱ्याची बटणं वरखाली लावली. बाहेर राजकुमारांचा आवाज चढत होता. गल्ली म्हाताऱ्याला मारणार नव्हती की शिव्या देणार नव्हती. ती फक्त त्यांच्याशी बोलणं टाकणार होती. ते कसं असतं, हे सोनियाला चांगलं ठाऊक होतं.

"तुम्ही बसा," ती म्हणाली, आणि एकटीच बाहेर आली.

"माझ्याच डबीत खोट हाय," तिनं सगळ्यांना सांगितलं. "कुठूनबी पाणी लागलं की तिला वाटतं नळ आला. माझं चुकलं."

हे खोटंही नव्हतं. गल्लीनं तिथंच निकाल दिला. प्रत्येकानं खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर तिचा नंबर ब्लॉक केला. सत्यभामाकाकूंना ते जमेना. त्यांनी फोन सोनियाकडंच दिला आणि खुणेनं सांगितलं, तूच करून दे. सोनियानं करून दिला.

शनिवारी तिनं परीक्षक बाईंना फोन केला. "मॅडम, ते पाणी खोटं होतं. नंबर परत घ्या." आणि अप्पारावांचं नाव न घेता तिनं सगळी हकीकत सांगितली. साखरपुडा, दात, साबणाचा फेस.  

"चाळीसांतली किती घरं धावली म्हणालात?"

"सदतीस."

"आणि बाकीची तीन?"

"एक गावाला गेलं होतं. एकाचा फोन बंद होता. एकानं पाणी वतलं."

"सोनिया, माझी स्वतःची मुलं माझ्या दहाव्या हाकेला येतात. तुमच्या एका फोनवर माणसं अंगठी सोडून धावली. जागा तुमचीच. फक्त खबर निघायच्या आधी ती खरी आहे का, हे कोण बघणार तेवढं ठरवून या."

कोण बघणार, हे ठरवायला सोनियाला वेळ लागला नाही. नवीन व्यवस्था अशी झाली : डबी आधी फक्त अप्पारावांना फोन करील. अप्पाराव नळ उघडून पाणी डोळ्यांनी बघतील, मग फोनवर एक नंबरचं बटण दाबतील, आणि तेव्हाच चाळीस घरांना खबर जाईल. अवघड काम पुढंच होतं. नंबर अनब्लॉक करून घ्यायला ती एकेका दाराशी गेली. पहिल्या दारी कडी वाजवायला तिनं पाच मिनिटं लावली. राजकुमारांनी तिला तिष्ठत ठेवलं, पण त्यांच्या बायकोनं साखरपुड्याचा उरलेला लाडू हातावर ठेवला. अंगठी शेवटी घातली गेली होती. सत्यभामाकाकूंचा दात निघाला होता. त्यांनी नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिला जिन्यावर थांबवून विचारलं, "तुझं गाव कोणतं गं?"

पुढचं पाणी सोमवारी आलं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी डबीनं अप्पारावांना फोन केला. सोनिया उद्योगकेंद्रात होती. तिला स्क्रीनवर ते दिसलं. आता ते एक दाबतील, म्हणून ती बघत राहिली. एक काही दाबला जाईना. तिनं त्यांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. एक वाजला तरी व्यस्त. ती रिक्षा करून निघाली. शहराच्या दुसऱ्या टोकावरून यायचं म्हणजे दोन वाजून गेले.

गल्लीत राजकुमार रिकामी बादली घेऊन उभे होते.

"सोनिया! त्या अप्पारावांना आवर जरा!"

"बटण दाबलं नाय व्हय त्यांनी?"

"बटण कशाचं! स्वतः फोन करून ऱ्हायले एकेकाला, जुन्या खात्यातल्यासारखं! आधी काकूंच्या दाताची चौकशी केली. मग बारा मिनिटं माझ्या गुडघ्याची. चौदाव्या घरी पोचले तवर पाणी गेलं!"

"मग तुम्ही फोन ठेवून मोटार लावायची ना, काका."

राजकुमारांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. "कसा ठेवू?" ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "गुडघ्याचं कोणी विचारत नाय गं."

सोनिया गल्लीच्या तोंडाशी आली. ओसरीवर खुर्ची टाकून अप्पाराव बसले होते, चष्मा नाकावर, मांडीवर नावांची यादी. नवीन व्यवस्था पहिल्याच दिवशी बुडाली होती. केंद्रात काय सांगायचं, याचा विचार करत तिनं फाटकाला हात घातला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. यादीत ती सगळ्यांत शेवटी होती.

"हॅलो, सोनिया का?" अप्पाराव यादीत बघूनच बोलत होते. "पाणी आलंय बरं का गल्लीत."

"गेलं अप्पा. दीड तास झाला जाऊन."

"गेलं?" यादीवर फिरणारं त्यांचं बोट थांबलं. "बरं, असू दे. माझी टाकी भरली हाय. तू जेवलीस का?"

"नाय अजून," ती म्हणाली आणि फाटक लोटून आत शिरली. अप्पारावांनी मान वर करून पाहिलं, खुर्ची सरकवून तिला जागा केली. पण फोन दोघांनीही कानावरून काढला नाही.