घोरपडेकाकांची कानस

घोरपडेकाका कुणाकडेही जेवायला गेले, की आधी ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवतात. कुठे खरबरीत लागलं, तर खिशातून छोटी कानस काढून तिथंच घासायला बसतात. माझी तीन ताटं त्यांनी अशी सुधारून दिलीत. वरण निवलं ते वेगळं.

पंजाबात, मोहालीच्या विमानतळाजवळ एयरोसिटीत, मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. काका मूळचे कोल्हापूरचे, हवाई दलात विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले. आता खाली गॅरेजमध्ये दोन माणसांचं विमान बांधतायत. गाडी बाहेर उन्हात.

पत्रा कापला, भोक पाडलं, की कडेला केसासारखे काटे उभे राहतात. ते काढायचे, कड गोल करायची. काकांचं सध्या एवढंच चाललेलं असतं.

"ह्या काट्यापासनंच भेग सुरू हुती," म्हणत ते पत्रा माझ्यापुढे धरतात. "फिरव बोट. टोचतंय काय?"

"नाही, काका."

"नीट फिरव की!"

एकदा बागेतली घसरगुंडी घासताना गार्डनं हटकलं, "अंकलजी, ये क्या कर रहे हो?" काकांनी त्याचाच हात धरून कडेवरून फिरवला. मग काकांचं घासून होईपर्यंत अर्धा तास तो मुलांना अडवत उभा राहिला.

विमान मात्र पुढे सरकेना. मागच्या वर्षी सीटभोवतीचे पत्रे रिवेट मारून पक्के झाले होते; काकांनी ते सगळे पुन्हा खोलले. का, ते सांगेनात.

परवा रविवारी कळलं. त्यांच्या बायकोची, मालनकाकूंची, नजर शुगरमुळे जवळजवळ गेलीय. दुपारी काका त्यांना हाताला धरून गॅरेजमध्ये घेऊन आले.

"गेल्या वर्षी हितं बोट कापलं हिचं," ते मला हळूच म्हणाले. "ही हातानंच बघती."

काकू सीटवर बसल्या. त्यांचे तळवे दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरून, कडांवरून सावकाश फिरले. काका हातात कानस घेऊन उभे. तळवे कुठेच अडखळले नाहीत.

"अहो, तुम्ही पण बसा की," काकू म्हणाल्या.

काका शेजारी बसले. इंजिन नाही, पंख भिंतीला टेकलेले. तेवढ्यात विमानतळावरून एक मोठं विमान उठलं आणि गॅरेज थरथरलं. काकूंनी डोळे मिटले.

"आता खाली काय दिसतंय हो?"

काकांनी वाकून बघितलं. खाली फरशी होती, पत्र्याचा कीस होता.

"पंचगंगा," ते म्हणाले. "पाणी भरपूर हाय. घाटावर बायका धुणं धुत्यात."

"माझी आई हाय का बघा."

काका बराच वेळ बघत राहिले.

"हाय. वर बघतीया."